विश्लेषण : पायावरची जखम महिनोन्महिने का भरत नाही? महागडे ड्रेसिंग हवे की योग्य पट्टी?

रोज ड्रेसिंग करूनही घोट्याजवळची जखम वर्षभर तशीच राहते, असे रुग्ण जवळपास प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दिसतात. औषध बदलते, मलम बदलते, प्रतिजैविकांच्या गोळ्या बदलतात, जखम मात्र हटत नाही. अशा जखमांसाठी जगभरात काय उपयोगी ठरले आणि त्यातले काय साध्या सरकारी रुग्णालयातही करता येते, याविषयी.

जुनाट व्रण कशाला म्हणतात?

साधी जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. गुडघ्याखालची जखम साधारण सहा आठवड्यांनंतरही भरत नसेल, तर डॉक्टर तिला जुनाट व्रण किंवा ‘क्रॉनिक लेग अल्सर’ म्हणतात. सुरुवात बहुधा क्षुल्लक असते. काटा लागतो, डास चावल्यावर खाजवले जाते, चप्पल घासते किंवा सायकलचे पॅडल लागते. तेवढ्या जखमेने पाय वर्षभर चिघळत नाही. पायात आधीपासून काही तरी बिघडलेले असते आणि ही जखम फक्त निमित्त ठरते. त्यामुळे वरून काय लावायचे, याआधी आत काय बिघडले आहे हा प्रश्न येतो. ड्रेसिंग खोलीच्या गर्दीत नेमका हाच प्रश्न मागे पडतो.

पायात आत नेमके काय बिघडलेले असते?

मुख्य कारणे तीन. पहिले नीलांचे. पायातले रक्त हृदयाकडे वर चढवण्यासाठी नीलांमध्ये झडपा असतात आणि पोटरीचे स्नायू पंपाचे काम करतात. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते, पाय सुजतो, घोट्याभोवतीची त्वचा तपकिरी व कडक होते आणि शेवटी फुटते. असा व्रण बहुधा घोट्याच्या वर, पायाच्या आतल्या बाजूला होतो. तो उथळ असतो आणि त्यातून खूप पाणी सुटते. तासन्तास उभे राहून काम करणाऱ्यांत तो जास्त दिसतो. पायात कधी काळी रक्ताची गुठळी झालेल्यांनाही त्याचा धोका असतो.

दुसरे कारण धमन्यांचे. पायाला रक्तच कमी पोहोचते. हा व्रण बोटांवर, टाचेवर किंवा पायाच्या कडेला होतो. तो कोरडा, कडेने कापल्यासारखा आणि अतिशय दुखरा असतो. रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडल्यावर बरे वाटते. विडी, सिगारेट, तंबाखूचे व्यसन आणि मधुमेह ही त्यामागची मोठी कारणे.

तिसरे कारण संवेदना गेल्याचे. मधुमेह किंवा कुष्ठरोगात तळपायाच्या नसा बधिर होतात. चपलेतला खडा टोचतो, पण कळत नाही. तळव्यावर, हाडाच्या उंचवट्याखाली न दुखणारी खोल जखम होते. ‘आयसीएमआर-इंडिया बी’ या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक आहेत. त्यामुळे ही तिसरी रांग पुढेही वाढणार आहे. याशिवाय हत्तीरोग, सिकलसेल आणि क्वचित त्वचेचा कर्करोगही पायावरच्या व्रणामागे असू शकतो.

ड्रेसिंगचे काम नेमके कोणते?

‘जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या, खपली धरू द्या’ हा समज अजून घरोघरी आहे. ब्रिटिश संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगातून तो खोडून काढला. पातळ प्लास्टिकच्या पडद्याखाली ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने चढली. नव्या त्वचेच्या पेशी कडेकडून मध्याकडे सरकतात. ओलसर पृष्ठभागावर त्या सहज सरकतात, कोरडी खपली मध्ये आली तर त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते.

म्हणजे चांगल्या ड्रेसिंगकडून अपेक्षा चारच आहेत. जखम ओलसर राहावी, जास्तीचे पाणी शोषले जावे, बाहेरची घाण आत जाऊ नये आणि काढताना नवी त्वचा उपटली जाऊ नये. दुकानात मिळणारी हायड्रोकोलॉइड, फोम, अल्जिनेट ही ड्रेसिंग हेच काम सोयीस्करपणे करतात. मात्र नीलांच्या व्रणासाठी त्यातले एखादे निर्विवाद सर्वोत्तम आहे, असे आजवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेऊनही सिद्ध झालेले नाही.

नेहमीच्या ड्रेसिंगमध्ये कुठे चुकते?

सर्वात सामान्य चूक म्हणजे जखमेवर थेट कोरडे गॉज ठेवणे. दुसऱ्या दिवशी ते सुकून चिकटते. ओढून काढले की रक्त येते, रुग्ण कळवळतो आणि रात्रीत चढलेला नव्या पेशींचा थर गॉजबरोबर निघून येतो. गॉज चिकटलेच असेल तर सलाइनने भिजवून, पाच-दहा मिनिटे थांबून अलगद सोडवावे. एवढ्या एका सवयीनेही फरक पडतो.

दुसरी चूक तीव्र जंतुनाशकांची. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर फेस येतो आणि जखम ‘साफ’ झाल्यासारखी वाटते. ते जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशींनाही मारते. पहिल्या महायुद्धाच्या काळात एडिनबरा येथे तयार झालेले ‘युसॉल’ हे क्लोरीनयुक्त द्रावण आपल्याकडे अनेक वॉर्डांत दिसते. घाण आणि सडका थर असेल तर काही दिवस त्याचा उपयोग होतो. जखम लाल, स्वच्छ झाल्यावरही ते महिनोन्महिने वापरणे मात्र हानिकारक ठरू शकते. पोव्हिडोन आयोडिनलाही हेच लागू पडते.

तिसरी चूक प्रतिजैविकांची. जुनाट व्रणातून घेतलेल्या नमुन्यात जंतू जवळपास नेहमीच सापडतात. त्यांचे असणे म्हणजे संसर्ग नव्हे. भोवतीची त्वचा लाल व गरम होत पसरणे, वेदना अचानक वाढणे, पू येणे, ताप येणे ही लक्षणे असतील तरच गोळ्यांची गरज असते. उगाच दिलेल्या कोर्सने व्रण भरत नाही, जंतू मात्र औषधाला दाद देईनासे होतात.

कमी खर्चात चांगले ड्रेसिंग शक्य आहे का?

आहे. धुण्यासाठी सलाइन पुरते. ते नसेल तर उकळून गार केलेले पाणी चालते. पिण्यायोग्य स्वच्छ पाण्याने जखम धुतल्यास संसर्ग वाढतो, असा पुरावा नाही. घरी सलाइन करायचे तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा मीठ टाकावे आणि ते रोज ताजे करावे.

जखमेला लागणारा पहिला थर न चिकटणारा हवा. व्हॅसलीन गॉज हा त्याचा सर्वात स्वस्त प्रकार. गॉजच्या घड्यांवर पेट्रोलियम जेली पसरून, डब्यात बंद करून रुग्णालयातच ते तयार करता येते. त्यासाठी कोरड्या उष्णतेचे निर्जंतुकीकरण लागते, कारण वाफ तेलकट थरात नीट शिरत नाही. त्यावर पाणी शोषणारे गॉज व कापसाचे पॅड ठेवले की ड्रेसिंग झाले.

स्वस्त पर्यायांच्या शोधात मुंबईचा वाटा मोठा आहे. वाडिया बाल रुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८०च्या दशकात भाजलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची निर्जंतुक ड्रेसिंग वापरली. शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांची निर्जंतुक ड्रेसिंग अभ्यासली. ते निष्कर्ष २००३ मध्ये ‘बर्न्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. केळीचे पान मेणचट आणि गुळगुळीत असल्याने जखमेला चिकटत नाही, बदलताना दुखत नाही आणि किंमत नगण्य. जखम भरण्याच्या बाबतीत ते बटाट्याच्या सालींइतकेच उपयोगी ठरले. हे अभ्यास भाजलेल्या जखमांवर आणि त्वचारोपणासाठी त्वचा काढलेल्या जागांवर झालेले आहेत, जुनाट व्रणांवर नाहीत. शिवाय पान ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेले होते. परसातले पान तोडून जखमेवर बांधणे हा त्याचा अर्थ नव्हे.

लातूरच्या एमआयएमएसआर वैद्यकीय महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. बसवराज नागोबा आणि सहकाऱ्यांनी तीन टक्के सायट्रिक आम्लाच्या द्रावणाचा उपयोग अभ्यासला. हिरवट पू आणि विशिष्ट वास आणणारा ‘स्युडोमोनास’ हा जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाही, पण आम्लता वाढली की तो तग धरत नाही. मधुमेही पायांच्या जखमांवरही त्यांनी हे द्रावण वापरून निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोजून केलेले निर्जंतुक द्रावण आणि घरी पिळलेले लिंबू यांत मात्र मोठा फरक आहे.

मध, साखर, चांदी यांचे काय?

मधाचा उपयोग भाजलेल्या उथळ जखमांत दिसला आहे. नीलांच्या व्रणावर मात्र न्यूझीलंडमध्ये ३६८ रुग्णांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मधाच्या ड्रेसिंगने व्रण भरण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही. उलट दुखण्याच्या तक्रारी जास्त आल्या. साखर पाणी ओढून घेते आणि जंतूंची वाढ रोखते. झिम्बाब्वेत वाढलेले मोझेस मुरांडू यांनी हा घरगुती उपाय ब्रिटनमध्ये नेऊन अभ्यासाचा विषय केला. घाण, ओल्या जखमेसाठी तो तात्पुरता उपयोगी ठरू शकतो.

चांदीयुक्त ड्रेसिंग महाग असते आणि ‘जंतू मारणारे’ म्हणून विकले जाते. ब्रिटनमधील ‘व्हल्कन’ चाचणीत नीलांचे व्रण असलेल्या २१३ रुग्णांना दाबपट्टीखाली चांदीचे किंवा साधे न चिकटणारे ड्रेसिंग देण्यात आले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत व्रण भरण्यात फरक आढळला नाही. म्हणजे चांदीचा खर्च वाया गेला. व्रण भरले ते दोन्ही गटांत समान असलेल्या गोष्टीमुळे, आणि ती होती पट्टी.

हळद, चुना, तंबाखू, राख, शेण, रॉकेल यांपैकी काहीही जुनाट व्रणावर लावू नये. शेण आणि मातीतून धनुर्वाताचा धोका असतो. जुनाट जखम असलेल्या प्रत्येकाचे धनुर्वाताचे लसीकरण तपासलेच पाहिजे.

पट्टी एवढी महत्त्वाची का?

नीलांच्या व्रणात खरा उपचार ड्रेसिंगच्या वर असतो. बाहेरून दिलेल्या दाबाने फुगलेल्या नीला आवळतात, सूज उतरते आणि चालताना पोटरीचा पंप पुन्हा काम करू लागतो. घोट्याशी साधारण ४० मिलिमीटर पारा आणि वर गुडघ्याकडे क्रमाने कमी होत जाणारा दाब अपेक्षित असतो. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झिंक ऑक्साइडच्या लेपाची पट्टी वापरात आणली. ‘उन्ना बूट’ म्हणून ती आजही वापरतात. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात १९८०च्या दशकात चार थरांची पट्टी विकसित झाली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथे ७४ टक्के पायांवरचे व्रण १२ आठवड्यांत भरले. विशेष म्हणजे हे काम मुख्यतः प्रशिक्षित परिचारिकांनी केले.

आपल्याकडे चार थरांचा तयार संच मिळाला नाही, तरी तत्त्व तेच ठेवता येते. ड्रेसिंगवर कापसाचा गादीसारखा थर द्यावा, नडगीचे हाड आणि घोट्याची हाडे त्याने झाकावीत, त्यावर क्रेप बँडेज आणि वर लवचिक किंवा चिकट पट्टी बांधावी. पाऊल काटकोनात धरून बोटांच्या मुळापासून सुरुवात करावी, टाच झाकावी आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा येईल असा गुडघ्याच्या खालीपर्यंत न्यावा. फक्त जखमेभोवती बांधलेली पट्टी सूज खाली ढकलते आणि पाऊल फुगवते. एकटे क्रेप बँडेज काही तासांत सैल पडते, हेही लक्षात ठेवायला हवे.

दाबपट्टी धोकादायक कधी ठरते?

धमन्यांचा आजार असलेल्या पायाला घट्ट पट्टी बांधली तर उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो आणि पाय काळा पडू शकतो. म्हणून पट्टीआधी तपासणी अनिवार्य. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी हाताला लागते का, हे पाहणे ही पहिली पायरी. हातात मावणाऱ्या डॉपलर यंत्राने घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागायचे, ही दुसरी. उत्तर ०.८ पेक्षा कमी आल्यास पूर्ण दाब देऊ नये. ०.५ पेक्षा कमी आल्यास दाबपट्टी टाळून रुग्णाला लगेच रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवावे. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा, जास्त येऊ शकतो.

पट्टीनंतर बोटे निळी-पांढरी पडली, मुंग्या आल्या किंवा वेदना वाढल्या तर रात्र असली तरी पट्टी सोडावी, हे रुग्णाला आणि घरच्यांना आधीच सांगावे.

तळव्यावरच्या जखमेला वेगळा उपाय का?

बधिर तळव्यावर प्रत्येक पावलागणिक जखम चिरडली जाते. तिथे कोणतेही ड्रेसिंग हरते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम करताना दाखवून दिले, की मांस आपोआप सडत नाही, संवेदना गेल्याने पाय पुन:पुन्हा दुखावला जातो. पाय प्लॅस्टरमध्ये ठेवून भार सर्वत्र वाटला की वर्षानुवर्षांचे व्रण भरून येत. हीच पद्धत पुढे मधुमेही पायांसाठी जगभर स्वीकारली गेली. हाडापर्यंत संसर्ग पोहोचला असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर प्लॅस्टर घालू नये. व्रण भरल्यावर मऊ एमसीआर रबराची चप्पल आणि रोज रात्री तळवे पाहण्याची सवय लागते. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात अशी चप्पल दिली जाते.

स्वस्त काय आणि महाग काय?

हिशेब ड्रेसिंगच्या पाकिटावरून केला तर गॉज स्वस्त वाटते. रुग्णाच्या बाजूने केला तर चित्र उलटते. समजा, गावाहून येण्याजाण्याचे ४० रुपये आणि बुडालेली मजुरी ३०० रुपये. रोज ड्रेसिंगला आल्यास महिन्याला १० हजार २०० रुपये जातात. आठवड्यातून एकदा बदलायची पट्टी असेल तर चार फेऱ्यांचे १ हजार ३६० रुपये. पहिल्या हिशेबात रुग्ण दहाव्या दिवशी येणे बंद करतो आणि केसपेपरवर ‘रुग्ण उपचार घेत नाही’ असा शेरा पडतो. सुरुवातीला पाणी जास्त सुटत असताना पट्टी आठवड्यातून दोनदा बदलावी लागते, नंतर एकदा पुरते.

व्रण भरतो आहे हे कसे कळणार आणि पुढे काय?

नजरेचा अंदाज फसतो. पारदर्शक प्लास्टिकवर कडेने रेघ मारून दर आठवड्याला आकार केसपेपरला लावावा, किंवा लांबी-रुंदी लिहावी. चार आठवड्यांत व्रण साधारण ४० टक्क्यांनी लहान झाला नाही, तर निदान पुन्हा तपासावे. रक्तक्षय, साखर, आहारातली प्रथिने पाहावीत. वर्षानुवर्षांच्या व्रणाची कड जाड, उंच झाली किंवा त्यातून मांस वर येऊ लागले तर बायोप्सी करावी, कारण जुन्या व्रणात कर्करोग होऊ शकतो. व्रण मोठा पण लाल आणि स्वच्छ असेल तर स्थानिक भूल देऊन त्वचेचे लहान तुकडे रोवता येतात. पॅरिसमध्ये जाक रेव्हर्दीं यांनी १८६९ मध्ये दाखवलेली ही पद्धत लहान रुग्णालयातही शक्य आहे.

नीलांचा व्रण भरल्यावर तो परत येऊ नये, हा पुढचा टप्पा. ब्रिटनमधील ‘एस्कार’ चाचणीत केवळ दाबपट्टी घेतलेल्या २८ टक्के रुग्णांत वर्षभरात व्रण परतला. बिघडलेल्या नीलेची शस्त्रक्रियाही केलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. २०१८ च्या ‘एव्ह्रा’ चाचणीत नीला बंद करण्याचा उपचार लवकर केल्यास व्रण भरण्याचा सरासरी काळ ८२ दिवसांवरून ५६ दिवसांवर आला. म्हणून अशा रुग्णाला जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवण्यासाठी व्रण वर्षभर जुना होण्याची वाट पाहू नये. घरी दाब देणारे मोजे घालणे, बसताना पाय उंच ठेवणे, खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवणे आणि घोट्यातून पाऊल वर-खाली हलवणे हे कायमचे.

ग्रामीण रुग्णालयाला यासाठी लागते ते एवढेच : एक डॉपलर, व्हॅसलीन गॉज, कापूस आणि पट्ट्यांचा नियमित पुरवठा, मोजमापाची वही, आणि पट्टी नीट बांधायला शिकलेली व त्याच खोलीत टिकणारी परिचारिका. यातले शेवटचे सर्वात दुर्मीळ आहे, कारण तिची बदली झाली की तिचे कौशल्यही तिच्याबरोबर जाते. म्हणून एकीऐवजी दोघींना शिकवणे हा या यादीतला सर्वात स्वस्त खर्च ठरतो.